नानांचा हात आणि माझं घड्याळ

माझ्यामुळे माझ्या वडिलांचा हात थरथरतो, हे गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात सर्वानुमते मान्य झालं होतं.

सर्वानुमते म्हणजे नाना आणि माझी बायको सुलभा. (माझं मत आमच्याकडे मोजत नाहीत. बेरीज सोपी जाते.)

सुरुवात दिवाळीत झाली. बंगळुरूहून आलेल्या आमच्या लेकीनं, मुक्तानं, माझ्यासाठी आणि नानांसाठी एकसारखी दोन स्मार्टवॉच आणली. माझं माझ्या फोनला जोडलं, नानांचं नानांच्या फोनला, जो एरवी कपाटात बंदच असतो. मला बजावलं, "बाबा, आता कॉल आला, मेसेज आला की घड्याळावर कळेल. 'फोन सायलेंट होता' हे कारण चालणार नाही." माझा फोन कायम सायलेंटवर असतो, तो नानांच्या दुपारच्या झोपेमुळे. त्या वेळात आमचा कुकरसुद्धा शिट्टी मारायला कचरतो!

मुक्ता गेली, आणि त्याच संध्याकाळी नानांनी बंड पुकारलं. "हा केशरी पट्टा मी घालणार नाही. या वयात मी काय पावभाजीची गाडी टाकलीय?"

माझा पट्टा काळा होता. मी मोठ्या मनानं माझं घड्याळ काढून नानांच्या उजव्या मनगटावर बांधलं, त्यांचं केशरी मी घातलं आणि आरशासमोर उभा राहिलो. एकदम तरुण!

"वय कमी झाल्यासारखं वाटतंय ना गं?"

"हो," सुलभा म्हणाली, "अक्कलही त्याच हिशेबानं."

त्यानंतर घरावर दोन संकटं आली. माझ्या घड्याळावर एकही नोटिफिकेशन येईना, आणि नानांचा उजवा हात थरथरायला लागला. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल अशी शंका कुणाला तरी येईल का? (तुम्हाला आली? मग त्या वेळी होतात कुठे तुम्ही?)

आता नानांचा उजवा हात म्हणजे साधासुधा हात नव्हे. तळेगावच्या ज्येष्ठ नागरिकांत कॅरमचा तो शेवटचा शब्द आहे. त्यांचे जोडीदार शेजारच्या आंबी गावचे शेखभाई, किराणा दुकान मुलांवर सोपवून पूर्णवेळ कॅरमला वाहून घेतलेले. या जोडीनं लोणावळ्याच्या स्पर्धेत पहिल्यांदाच अंतिम फेरी गाठली होती. समोर खंडाळ्याची जोडी होती, दर वर्षी चषक नेणारी आणि नेताना हसणारी. आणि नेमकं त्याच वेळी नाना म्हणायला लागले, "स्ट्रायकरवर बोट ठेवलं की मनगटात गुर्रर्र होतं. मी खेळत नाही. चारचौघांत हसं नको."

"सारखं होतं का?" मी विचारलं.

"नाही. सकाळी फिरायला गेलो की काही नसतं. तू ऑफिसातून आलास की सुरू होतं."

सुलभानं निदान केलं. "धसका घेतलाय त्यांनी तुमचा."

"मी काय केलं?"

"तेच ना. इतक्या वर्षांत काही केलंच नाहीत."

मी नानांना डॉक्टरांकडे नेलं. गडबडीत फोन गाडीतच राहिला. डॉक्टरांनी नानांना हात समोर धरायला लावला. हात असा स्थिर की त्यावर कपबशी ठेवावी! डॉक्टर म्हणाले, "काहीही नाही." आम्ही गाडीत येऊन बसलो, मी दार लावलं, आणि नाना ओरडले, "झालं सुरू!"

त्या दिवसापासून मी नानांशी जरा अंतर ठेवूनच बोलायला लागलो. जेवताना माझं पान टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. आपल्या अस्तित्वानं वडिलांना कंप सुटतो, ही जाणीव घेऊन वरण-भात खाऊन बघा कधी!

तुम्ही म्हणाल, घड्याळ थरथरतंय हे नानांना कळलं कसं नाही? एक तर नाना दसऱ्याला जो लांब बाह्यांचा स्वेटर चढवतात तो होळीलाच उतरवतात. घड्याळ कायम बाहीच्या आत. आणि दुसरं म्हणजे, त्यांच्या मते घड्याळ टिकटिक करतं, मागं पडतं, फार तर बंद पडतं. घड्याळाला हुडहुडी भरते हे त्यांच्या कल्पनेपलीकडचं होतं.

इकडे मला वेगळाच घोर. नानांना मध्येच काही झालं आणि मला कळलंच नाही तर? म्हणून फायनलच्या रविवारी सकाळी मी ठरवलं, आज या नोटिफिकेशनचा सोक्षमोक्ष लावायचा. मुक्ताला फोन केला.

"बाबा, ब्लूटूथ चालू आहे का?"

"आहे."

"डू नॉट डिस्टर्ब?"

"बंद केलं."

"बॅटरी सेव्हर? अ‍ॅपच्या परवानग्या?"

"सगळ्यांना परवानगी दिली. एकानं तर माझे फोटोसुद्धा मागितले, तेही दिले."

"मग आईला मेसेज पाठवायला सांग. एकामागून एक. बघ येतात का."

हे काम सुलभानं ज्या उत्साहानं अंगावर घेतलं, तो बघून मला जरा काळजीच वाटली. ती स्वयंपाकघरातून पाठवत होती, मी बैठकीच्या खोलीत केशरी घड्याळाकडे डोळे लावून बसलो होतो.

"आलं का?"

"नाही!"

"आता?"

"नाही! पाठवत राहा!"

तेवढ्यात नानांच्या खोलीतून आरोळी आली. "अरे, थांबतच नाहीये! हात गेला माझा! शेखभाईंना सांगा, येऊ नका!"

पण शेखभाई आलेलेच होते, इस्त्रीचा झब्बा घालून, खास बाटलीतलं अत्तर लावून. पाहतात तर नाना पलंगावर बसलेले, डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट आवळून.

"नाना, काय वो हे?"

"शेखभाई, तुम्ही दुसरा जोडीदार बघा. संपलं माझं." नानांचा आवाज कातरला.

शेखभाईंनी नानांचा हात हातात घेतला, धीर द्यायला म्हणून बाही वर सारली, आणि तिथंच थबकले. चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'हॅलो.' 'आलं का.' 'कोथिंबीर आणायला सांगितली होती, ती पण आली नाही.' 'तुमच्यात आणि त्या घड्याळात बंद कोण पडलंय ते आधी बघा.' आवो नाना, तुमाला असं कोन लिवतंय?"

सुलभा पदराला हात पुसत दारात आली. मी माझ्या मनगटाकडे बघितलं. नानांनी त्यांच्या मनगटाकडे बघितलं. मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे बघितलं.

"आवो, हात न्हाई हालत तुमचा, घड्याळ हालतंय!" शेखभाई पलंगावर बसून हसायला लागले. "लय झालं! उठा आता, खंडाळेवाले वाट बघत्यात!"

नाना उठले. काळं घड्याळ काढून त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. "म्हणजे इतके दिवस माझ्या हाताला धक्के देणारं तुझं ऑफिस होतं?"

"ऑफिस, सोसायटीचा ग्रुप, आणि..."

"आणि मी," सुलभा म्हणाली. तिनं माझ्या हातातलं केशरी घड्याळ काढून स्वतःच्या हातात घातलं. तिला ते शोभलंही. मी मुकाट्यानं काळं मनगटावर बांधलं.

लोणावळ्याला जाताना मळवली येईपर्यंत नाना गाडीत मोकळा हात डोळ्यांसमोर धरून बघत होते. हात शांत. मी शेजारी बसलेलो असूनही शांत!

आणि मग त्या हातानं जे केलं! पहिला बोर्ड खंडाळ्याचा, दुसरा आमचा. तिसऱ्या बोर्डात राणी कडेच्या पट्टीला अशी चिकटून बसलेली की खंडाळेवाले आधीच हसायला लागले. नानांनी स्वेटरची बाही कोपरापर्यंत सारली, स्ट्रायकर मांडला, श्वास धरला. टक्! राणी आत. टक्! तिच्यामागोमाग कव्हरची सोंगटी आत. मग शेखभाईंनी उरलेल्या सोंगट्या अशा आवरल्या की बोर्डावर फक्त पावडर राहिली. खंडाळ्याचं हसू पुसलं गेलं ते गेलंच!

शेखभाईंनी नानांना उचललं. शेखभाईंना कुणीतरी उचललं. मी खुर्चीवरून उठलो, दोन्ही हात वर केले आणि घसा फाटेस्तोवर ओरडलो, "नाना! ना-ना!"

त्याच क्षणी माझ्या मनगटावर गुर्रर्र झालं. आलं! नोटिफिकेशन आलं! दिवाळीपासून ज्याची वाट बघत होतो ते आलं! मी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. मेसेज मागच्या रांगेतून होता, सुलभाचा.

'खाली बसा. नाना दिसत नाहीयेत.'