सामुराईचं चिलखत

"जपानात असंच होतं," म्हणत सर चष्मा कपाळावर सरकवत, आणि वाद तिथेच संपे. एकदा त्यांनी आपल्या चित्रकथेतल्या सामुराईला नारळाच्या झाडावर चढवलं. "तिकडे नारळ होतात का, सर?" चित्रकाराने विचारलं. सरांनी चष्मा वर केला. सामुराई चढला.

ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यातून आमचं मुलांचं मासिक निघे. सर त्यात सामुराईची चित्रकथा लिहीत. पात्रांच्या तोंडच्या फुग्यांतले संवाद मी हाताने काढत असे. असे ठोकून देणारे लोक तुम्हीही पाहिले असतील, पण इतका लोभस माणूस क्वचितच. जपानबद्दल आपण काही वाचलेलं नाही, हे ते स्वतःच हसत सांगत.

चित्रकथेत एक विनोदी पात्र होतं, कातडी कमावणारा. तो दिसला की सामुराई नाक दाबून लांब उडी मारे आणि ओरडे, "सावली पाडू नकोस!" मुलांना तो फार आवडे.

घाटकोपरच्या एका शाळेने सरांना बोलावलं. विषय होता, सामुराईंचा खरा इतिहास. सर घाबरून ग्रंथालयात जाऊन बसू लागले. आधी मजेत होते. "अगं, कित्येक पिढ्या लढाईच नव्हती. आपले हीरो कचेरीत कारकुनी करत होते."

मग एका दुपारी आले ते माझ्या टेबलापाशी उभेच राहिले.

"कातडी कमावणारे तिकडेही गावाबाहेर राहायचे. त्यांना कुणी शिवत नसे. आणि सामुराईच्या चिलखताला कातडं त्यांनीच कमावलेलं." चष्मा काढून हातात घेत म्हणाले, "मी तर काही वाचलं नव्हतं. मग हे मी कुठून आणलं?"

मी ब्रश पुसत राहिले. माझे आजोबा गावी मेलेली जनावरं ओढायचे, हे मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात त्यांना सांगितलं होतं.

"तुला माहीत होतं?"

"जपानचं नव्हतं माहीत, सर."

त्यांचे कान लाल झाले. "घरी अंक नेतेस ना?"

"वडील वाचतात. तो माणूस असलेले अंक नाही नेत."

शाळेत सरांनी मुलांना सांगितलं, "ते पात्र ही माझी चूक होती." मुलं म्हणाली, "पण सर, तोच तर झकास आहे." मासिकाच्या मालकांचंही तेच मत पडलं. सरांनी चित्रकथा सोडली, मग नोकरीही.

जायच्या आधी एका रविवारी ते चेंबूरला आमच्या घरी आले. खाटेच्या कडेला बसले. वडील खूश, एवढा लेखक घरी आलेला.

"सामुराईचं पुढे काय होतं हो?" वडिलांनी विचारलं.

सर हातातल्या चहाच्या कपाकडे बघत राहिले. "काही नाही. घरी जातो तो," एवढंच म्हणाले. काहीतरी बोलायला आले होते, ते त्यांना जमलं नाही. नंतर ते मला कधी भेटले नाहीत.

ते जिना उतरून गेल्यावर वडील म्हणाले, "भला माणूस आहे. पण सारखा खाली का बघत होता गं?"

मी कप उचलून आत गेले.