बडे बाबूंची सही

आमच्या नेरकडच्या सरकारी दवाखान्यात छातीत दुखतं म्हणून येणारा प्रत्येक जण आधी सांगतो, गॅस आहे. त्या सकाळी तहसील कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क, म्हणजे गावाचे बडे बाबूही तेच सांगत आले. कॉलेजला असताना माझा दाखल्याचा अर्ज या गृहस्थांनी तीनदा परत केला होता, तिसऱ्यांदा तर फक्त कोर्ट फीचं तिकीट वाकडं चिकटवलं म्हणून. मी डॉक्टर झाले तरी तो राग गेला नव्हता.

अंगाला घाम, डावा हात जड. लगेच ईसीजी काढला. पट्टी साफ आली.

"मंग मले कायले बसवून राह्यल्या, मॅडम?" ते चपला शोधू लागले.

हार्ट अटॅक सुरू असतानाही पहिली पट्टी कधी कधी साफ येते. थोड्या वेळाने दुसरी काढावी लागणार होती. पण सांगून ऐकतील तर ते बाबू कसले! ॲस्पिरिन चावायला दिली, छातीवरच्या तारा तशाच ठेवल्या आणि औषधसाठ्याचा तक्ता त्यांच्या हातात दिला. "काका, हा वर पाठवायचा आहे. एकदा बघता का?"

चष्मा चढला. "जावक नंबरच नाही याच्यात," ते खुशीत म्हणाले.

पंधरा मिनिटांनी तक्त्यावर खुणा करणारी त्यांची पेन्सिल थांबली. लगेच काढलेल्या दुसऱ्या पट्टीत अटॅक स्पष्ट दिसत होता. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथेच देऊन मग त्यांना यवतमाळला हलवायचं होतं. त्याने रक्तस्राव होऊ शकतो, हे मी त्यांना सांगितलं आणि संमतिपत्र पुढे केलं. मनात मात्र चडफडत होते. आता हे ओळ न् ओळ वाचणार, चुका काढणार, आणि तिकडे मिनिटागणिक हृदय निकामी होत जाणार.

त्यांनी कागद घेतला. "कुठं करू?"

आणि सही केली. न वाचता.

मी घाबरले. या माणसाला किती दुखत असेल ते मला तेव्हा कळलं. इंजेक्शन दिलं, ॲम्ब्युलन्स निघाली, आणि दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही.

तीन आठवड्यांनी ते आले, वाळलेले, पण इस्त्रीच्या शर्टात. "माझा तो कागद दाखवा."

स्टुलावर बसून, ओळीखाली बोट ठेवत त्यांनी तो अख्खा वाचला. मग माझ्याकडे सरकवला.

"सहीखाली तारीख नाही, मॅडम. असं चालते काय?"

चौथ्यांदा त्यांनी माझा कागद परत केला होता, आणि मला आयुष्यात इतका आनंद क्वचितच झाला असेल.