जमीन वाचवा, पार्किंगची सोय आहे

आमची माळावरची जमीन कोणी विकत घेत नव्हतं, कारण ती कोणाला सापडतच नव्हती. ही उणीव मी भरून काढली.

पौड सोडून ताम्हिणीच्या रस्त्याला लागलं आणि धरणाचं पाणी दिसायला लागलं, की आमचं गाव येतं. गावाच्या वरच्या अंगाला आमचा माळ. तिथे जायला एक पायवाट होती, असं सातबाऱ्यापेक्षा जुनी माणसं सांगायची. प्रत्यक्षात तिथे घाणेरीची झुडपं अशी माजली होती, की आमच्या शेळ्यासुद्धा आत शिरण्याआधी एकमेकींकडे बघायच्या. सातबाऱ्यावर दोन नावं होती. एक माझ्या वडिलांचं, म्हणजे आण्णांचं. दुसरं काकाचं. काका भूगावला फ्लॅटमध्ये राहतो आणि दर रविवारी गिऱ्हाईक घेऊन माळ दाखवायला येतो. म्हणजे यायचा. गिऱ्हाईक अर्ध्या वाटेवरून परत जायचं. कोणाची पॅंट फाटायची, कोणाचा चष्मा झुडपात राहायचा, आणि एकदा तर एका बाईंचं कुत्रंच आत गेलं ते संध्याकाळी आमच्या गोठ्यात सापडलं.

काका वैतागून आण्णांना म्हणायचा, तुझ्या मनात विकायचंच नाही. आण्णा शांतपणे म्हणायचे, तसं काही नाही. कोणी घेणारा आला, त्याला जमीन पसंत पडली, की मी सही करीन. शब्द देतो. हा शब्द त्यांनी काकाला दिवाळीत, पाडव्याला, आणि मध्ये आजारी असताना दवाखान्यातही दिला होता.

आण्णा पिरंगुटच्या एका कारखान्यात कामाला होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात वर्तमानपत्र येत नसे, पत्रकं मात्र गठ्ठ्याने असत. मी बाराखडी शिकले ती ‘कामगार बंधूंनो, जागे व्हा’ यावर. चौथीत ‘माझी आई’ या निबंधाची सुरुवात मी ‘आता सहनशीलतेचा अंत झाला आहे’ अशी केली होती. (बाईंनी आईला शाळेत बोलावलं. आई म्हणाली, बरोबर लिहिलंय.) पुढे कारखाना बंद पडला. आण्णा घरी बसले आणि तिसऱ्याच दिवशी उठून माळावर गेले. तेव्हापासून ते रोज सकाळी भाकरी बांधून घाणेरीतून आपल्यापुरती वाट काढत वर जायचे, थोडी नाचणी करायचे, दगडावर बसायचे आणि दिवेलागणीला खाली यायचे. त्या नाचणीवर आमचं घर चालत नव्हतं. आण्णा चालत होते.

आई हे जास्त चांगलं सांगायची. “त्यो माळ गेला ना, तर ह्ये घरात बसत्याल. आन ह्ये घरात बसले, तर मी कुटं जाऊ?”

असा सगळा मामला होता. आता मी सांगते मी काय केलं.

मी पुण्याला चित्रकलेच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होते. आमचा सहा जणांचा गट होता आणि गटाचा जाहीरनामा होता. तो अर्थात मीच लिहिला होता. कला विकणार नाही, बक्षिसं घेणार नाही, गॅलरीच्या दारात उभं राहणार नाही. (गॅलरीनेही आम्हाला उभं केलं नव्हतं, पण तो तपशील जाहीरनाम्यात बसत नव्हता.) स्वतःचं प्रदर्शन स्वतः भरवायचं ठरलं आणि जागेचा प्रश्न आला. मी टेबलावर हात आपटून म्हणाले, जमिनीच्या विक्रीविरुद्धचं प्रदर्शन जमिनीवरच व्हायला हवं. आमच्या माळावर. सगळ्यांच्या अंगावर काटा आला. माझ्या तर आलाच.

घरी सांगितलं तेव्हा आण्णा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

“कालेजात भिंती न्हाईत का?” ते म्हणाले.

मी त्यांना समजावलं, की भिंती हाच खरा शत्रू आहे. मग त्यांनी गावातल्या शाळेचा पडवीसकट उल्लेख केला. मग देवळाचा. मग पिरंगुटला कोणाचं तरी मंगल कार्यालय रिकामं पडलंय असंही म्हणाले. एवढ्या जागा त्यांना माझ्या लग्नासाठीही कधी सुचल्या नव्हत्या. मी म्हटलं, “आण्णा, तुमीच शिकवलंय, जिथं अन्याय तिथंच सभा.” यावर त्यांनी ताटाकडे बघतच ताक मागितलं. मला वाटलं, ते भारावून गेले.

गणपती झाले, पाऊस ओसरला, माळ सोनकीच्या फुलांनी पिवळा झाला आणि आम्ही कामाला लागलो. आधी वाट. सहाही जण घाणेरीवर तुटून पडलो. आमच्यातला तन्मय कोथरूडचा. त्याने आयुष्यात कोयता फक्त नारळवाल्याच्या हातात पाहिला होता. दुपारपर्यंत त्याचे हात सोलले आणि तो त्या ओरखड्यांचे फोटो काढून त्यांना ‘प्रोसेस’ म्हणू लागला. आण्णा दगडावर बसून बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, “लई रुंद नगा करू. मान्सं चालत येत्यात.”

मी म्हटलं, म्हाताऱ्यांनी काय करायचं? ज्यांना चालता येत नाही त्यांना कला बघायचा हक्क नाही? तत्त्वाचा प्रश्न असल्यामुळे आम्ही वाट आणखी रुंद केली, वर ट्रॉलीभर मुरूम टाकला आणि दगडाने चोपून काढला. रात्री आई म्हणाली, रस्ता झाला म्हणजे गाड्या येणार, त्या लोकांच्या भाताच्या खाचरात घुसल्या तर शिव्या आपल्याला. म्हणून प्रदर्शनाच्या पत्रकाखाली तिने एक ओळ घालायला लावली : पार्किंगची सोय आहे.

पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. अजूनही मला ते माझं सगळ्यात चांगलं लेखन वाटतं. ‘या माळावर उभं राहिलं की खाली धरणाचं पाणी दिसतं. पहाटे धुकं पायाशी येऊन बसतं. पुण्यापासून इतक्या जवळ इतकी शांतता आता कुठे उरली आहे? उशीर होण्याआधी एकदा येऊन पाहा.’ खाली बाण काढून नकाशा. आण्णांनी चष्मा लावून वाचलं. माझ्या पत्रकावर त्यांची नजर पडायची ती पहिलीच वेळ. म्हणाले, चांगलं आहे. फक्त शेवटचं वाक्य काढ. आणि नकाशा काढ. मी म्हटलं, नकाशाशिवाय माणसं येणार कशी? ते म्हणाले, “तेच म्हन्तो.” मला वाटलं, वयोमानाने त्यांचं बोलणं तुटक होत चाललंय.

प्रदर्शन मात्र झालं जोरदार. मी माळाची मोठी चित्रं केली होती, धुक्यातला माळ, पावसातला माळ, आण्णांची पाठ आणि पुढे माळ. बांबूंना बांधून ती टांगली. आमच्यातल्या ईशाने कड्याच्या बाजूला रिकाम्या लाकडी चौकटी उभ्या केल्या. त्यातून बघितलं की बरोब्बर पाणी दिसायचं. त्या कामाचं नाव होतं ‘तुम्ही हे गमावणार आहात’. आणि मधोमध तन्मयचं काम. त्याने आख्ख्या माळावर पांढऱ्या फक्कीने रेघा मारून सारखे चौकोन आखले होते. प्रत्येक चौकोनाला नंबर आणि लाकडी पाटी. पाटीवर तिथून उठवल्या जाणाऱ्या एकेका जिवाचं नाव : टिटवी, सोनकी, ससा, मुंगूस. प्लॉटिंगच्या क्रौर्यावर त्याला बोट ठेवायचं होतं. ठेवलं. इतकं अचूक ठेवलं, की आयुष्यभर प्लॉट पाडणाऱ्याला जमलं नसतं.

रविवारी सकाळी ताम्हिणीच्या रस्त्यावर भज्यांसाठी थांबलेल्या प्रत्येक गाडीत आम्ही पत्रक टाकलं. अकराच्या सुमाराला पहिली गाडी आमच्या मुरमाच्या रस्त्याने अलगद वर आली. त्यातून एक गृहस्थ उतरले, रेघांच्या कडेकडेने फिरले आणि मला म्हणाले, “टिटवी गेला का?”

मला भरून आलं. मी म्हटलं, “अजून नाही. पण जाईल. आपण काही केलं नाही तर नक्की जाईल.”

“कॉर्नरचा आहे ना?”

मी त्यांना टिटवी जमिनीवर अंडी घालते इथपासून सगळं सांगितलं. ते मान डोलवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, कन्सेप्ट सुंदर आहे, पाण्याची लाईन कुठून येणार?

मग गाड्यांची रांग लागली. एक कुटुंब सोनकीत सतरंजी टाकून बसलं, जागा धरल्यासारखं. ईशाच्या चौकटींपाशी लोक फोटो काढायला ओळीत उभे राहिले आणि कोणाच्या बाल्कनीतून काय दिसेल याचा अंदाज घेऊ लागले. एका काकूंनी मुंगूस हे नाव बदलून मिळेल का, असं विचारलं. माझा संताप अनावर झाला. मी आण्णांच्या दगडावर चढले आणि रक्तात होतं नव्हतं तेवढं सगळं आवाजात ओतून म्हणाले, की बंधूंनो आणि भगिनींनो, ही जमीन विकायची नाही. यातला एकही चौकोन विकला जाणार नाही.

मागून कोणीतरी हळूच विचारलं, “म्हणजे सगळे बुक झाले?”

त्यानंतर जी धावपळ झाली ती मी कोणत्याही सभेत पाहिलेली नाही. लोक तन्मयचा शर्ट धरून वेटिंगला नाव लावायला सांगू लागले. नेमका त्याच वेळी काका एजंटाला घेऊन वर आला. मुरमाचा रस्ता, आखलेला माळ, गाड्या, माणसं. काका जागच्या जागी उभा राहिला. त्याचे डोळे भरले. त्याने तन्मयला मिठी मारली आणि मग आण्णांकडे जाऊन म्हणाला, “दादा, इतकी वर्सं मी उगाच तुला बोल लावला. पोरीला मनापासून ह्या कामाला लावलंस तू.”

आण्णा नाचणीकडे बघत होते. नाचणीत कोणाची तरी मुलं लपाछपी खेळत होती.

एवढ्या गर्दीत एकच बाई अशी होती, जिने रेटबिट काही विचारलं नाही. ती माझ्या चित्रांपुढे थांबली. प्रत्येक चित्रापुढे. आण्णांच्या पाठीच्या चित्राशी तर तिने डोळे पुसले. पत्रक तिने पूर्ण वाचलं होतं, तन्मयच्या पाट्या वाचल्या होत्या, त्यातला उपरोध तिला कळला होता. मी मनात म्हटलं, बास. हिच्यासाठीच हे सगळं केलं. एक माणूस हलला तरी पुरे.

ती माझा हात हातात घेऊन म्हणाली, “तू म्हणतेस ते शंभर टक्के पटलं मला. या जमिनीचे असे तुकडे व्हायलाच नको.”

मी तिचा हात आणखी घट्ट धरला.

“आम्ही सगळीच घेतो,” ती म्हणाली.

संध्याकाळी माळ रिकामा झाला. आम्ही चित्रं उतरवत होतो. काका त्या बाईंच्या नवऱ्याशी बोलून परत आला आणि आण्णांसमोर उभा राहिला. नुसता उभा राहिला. आण्णांना शब्दाची आठवण करून द्यावी लागत नाही. त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि काका खाली गेला.

मी आण्णांपाशी गेले. म्हटलं, सही करू नका. शब्द काय, शब्द परिस्थितीवर असतो. आपण काकाविरुद्ध उभं राहू, मी लिहिते.

“युनियनमंदी मी कवा शब्द फिरवला न्हाई,” ते म्हणाले. “म्हनून तर देताना नीट इचार करून दिला व्हता.”

मग पायाने मुरूम थोडा उकरत म्हणाले, “घानेरी कापाया मला काय हात नव्हते, वैजू?”

खाली रस्त्यावर गाड्यांचे दिवे दिसत होते. तन्मय फक्कीच्या रेघा पायाने पुसायचा प्रयत्न करत होता. त्या जात नव्हत्या. चुन्यात त्याने डिंक घातला होता, पावसात टिकाव्यात म्हणून.

मी म्हटलं, “तुमी सांगितलं का न्हाई?”

“तू पत्रक लिवलं व्हतंस,” आण्णा म्हणाले. “मला लई बरं वाटलं व्हतं.”

सही झाली. आता माळाला दगडी कंपाउंड आहे. बाईंनी शब्द पाळला, एकही तुकडा पाडला नाही. आत एकच घर, आणि फाटकावर तन्मयचीच पाटी : टिटवी. आण्णांच्या पाठीचं माझं चित्र तिने हॉलसाठी मागितलं होतं. मी जाहीरनाम्याचा दाखला देऊन नकार दिला, तेवढं एक मी वाचवलं. ते आमच्या घरात आहे. त्याच्याखाली खुर्चीवर आण्णा बसतात, चित्राकडे पाठ करून, आणि आई दुपारची कोणाकडे ना कोणाकडे जाऊन बसते. आमच्या मुरमाच्या रस्त्याने हल्ली रविवारी बऱ्याच गाड्या वर येतात. बघायला, की आजूबाजूला अजून काही मिळतंय का.

हे मला सहन झालं नाही. माझ्यात अजूनही थोडी आग शिल्लक होती. गेल्या महिन्यात मी बसले आणि नवं पत्रक लिहिलं. आधीच्याहून धारदार, आधीच्याहून सुंदर. डोंगर, पाणी, धुकं, सगळं. छापायला द्यायच्या आधी आण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मधे एकदा थांबले, चष्मा पुसला. मग कागदाची नीट घडी करून माझ्या हातात दिली.

“झ्याक झालंय,” ते म्हणाले. “पन वाटू नगंस. शेजाऱ्यांचं रान अजून ऱ्हायलंय.”