दाब दे, दयाराम!

आमच्या घरच्यायचं नाव दयाराम. घेतलं मी नाव, लाजाचं काय त्यात! संग्रामपूरच्या बँडात तीस वर्सं झाली, क्लॅरनेट वाजवतेत. खालचे सूर असे गोड, की भांडता भांडता मी चूप बसो. पन गानं वरच्या पट्टीत चढलं की झालं! मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यावानी चिरकन् आवाज. वरातीतले लोक हासत, अन् मले भलता राग ये.

त्यायले शिकवलं उस्ताद नारायणरावनं. "वर जातानी दाब दे, दयाराम," उस्ताद म्हनत अन् सोताच्या पोटावर हात ठेवत. ह्यायले वाटे, उस्तादले भूक लागली. लगेच मले आवाज देत, "सिंधू, भजे काढ!" मी काढत बसो. उस्ताद बी खात, भजे कोनाले नको आहेत? अन् हे दाब देत दातानं. फुंकायच्या काळ्या चोचीवर चावून चावून खड्डे पडले, तिच्यावरची वेताची पत्ती आठ दिवस टिके नाही.

मागच्या उन्हाळ्यात माह्या पोरीचं, रेणुकाचं, लग्न ठरलं. हे म्हनले, "नवरदेव मांडवात येतानी मीच वाजवीन. पोरीच्या आवडीचं गानं." ते गानं तं सारं वरच्या पट्टीतलं! बँडचे मालक शंकरराव मानूस चांगले, पन ते बी म्हनले, "दयारामभाऊ, पावन्यायसमोर कायले फजिती? कीबोर्डवाला वाजवीन. तुमी पोरीचे बाप, मांडवात उभे राहा." त्या दिवशी हे जेवले नाहीत. मले लय वाईट वाटलं. साऱ्या तालुक्याच्या लेकीयच्या लग्नात वाजवलं, अन् आपल्याच लेकीच्या लग्नात चूप उभं राहावं?

त्यातच ह्यायचे समोरचे वरचे चार दात हालाले लागले. शेगावच्या डॉक्टरनं ते काढले, कवळी देल्ली. कवळी घालून क्लॅरनेट फुंकलं, तं पयल्याच वरच्या सुराले कवळी सटकून माह्या परातीतल्या पिठात! मी हासून हासून लोळली. हे मात्र हासले नाहीत. "संपलं माहं," म्हनले अन् डोळे भरून आले. मंग मले बी रडू आलं.

"अहो, ठेवा ना ते कवळी बाजूले," मी म्हनलं. "नुसत्या ओठानं धरा अन् फुंका."

चावाले दातच नाहीत, तं चावतीन कायनं? ओठ गुंडाळून धरलं, अन् जोर आपसूक पोटातून लागला. सूर वर गेला. चिरकला नाही, कापला नाही, चांगला भरून आला. मी कनकेचे हात तसेच धरून उभी.

"पुन्हा वाजवा बरं."

पुन्हा तसाच! महिनाभर घरातच रियाज केला. शंकररावले मुद्दामच सांगतलं नाही.

लग्नाच्या दिवशी नवरदेव मांडवाच्या दाराशी आला. कीबोर्डवाला बोटं ठेवनार, तेवढ्यात हे नव्या सफारीत, बोळक्या तोंडानं बँडात घुसले. कवळी माह्या पदराले बांधेल. शंकरराव "अहो, अहो" करत राह्यले. गानं चढत गेलं तशी मी पदरातली कवळी मुठीत धरली. सर्वात वरचा सूर आला, अन् असा मोकळा लागला, की नवरदेव बी उभा राहून आयकाले लागला! रेणुका साऱ्यायसमोर ओरडली, "माहे बाबा होयेत ते!" मी तं पदरानं डोळे पुसले, कवळीसकट.

समोरच्या खुर्चीत उस्ताद नारायणराव बसेल होते, आता ऐंशीचे. काठी टेकत आले, ह्यायच्या पोटावर हात ठेवला.

"तीस वर्सं हेच सांगून राह्यलो ना बे! दाब इथून दे!"

हे म्हनले, "म्हंजे... तुमाले भूक नव्हती लागत?"

"भूक?" उस्ताद म्हनले. "मले वाटे, सूर लागत नाही म्हनून तू भजे चारून मले चूप बसवतं!"

मी कपाळाले हात लावला. मंग आधी उस्तादले पंगतीत बसवलं.