साझानामीचा डोळा

क्योतोच्या एका छोट्या गेम कंपनीत मिगिवा शिबाता चित्रं काढायची. आधी कागदावरचे बारीक चौकोन रंगवायचे, मग तेच संगणकात भरायचे. अशा चौकोनांतून तिने साझानामी घडवला. तळ्यातून उठायचं, नायकाला पाठीवर घेऊन पैलतीरी सोडायचं आणि पुन्हा बुडी मारायची, एवढंच त्या ड्रॅगनचं काम. पण तो उठला की खेळणारे बटण दाबायचं विसरून नुसते बघत राहायचे.

गेमच्या तिसऱ्या भागात त्याच्यावर गदा आली. गेम ज्या कार्ट्रिजच्या डबीत भरून विकायचा, तिच्यातली मोजकी जागा सांभाळणारे हिरोनाका महाचिकट. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "शिबाता-सान, तुमच्या ड्रॅगनला रजा. त्याच्याऐवजी होडी. ती बापडी जागा अडवत नाही."

"होडी बघून कुणाचा श्वास थांबेल का?"

"नको थांबायला. गिऱ्हाइकं जिवंत राहिलेली बरी!"

सगळे खो खो हसले. मिगिवाला मात्र त्या दुपारी डब्यातला भात गोड लागेना.

बारीक चौकोन मिळून चित्राच्या तुकड्याचा एक मोठा चौकोन होतो, आणि तो एकदा भरला की जागा न वाढवता हवा तिथे, हवा तितक्यांदा वापरता येतो. मग तिने गेममधलंच सामान उचलायला सुरुवात केली. देवळाच्या छपरावरची कौलं खवल्यांना, चुलीचा धूर मिशांना, सरदाराच्या शिरस्त्राणाची शिंगं डोक्याला.

"हा ड्रॅगन आहे की भंगारवाला?" हिरोनाका म्हणाले खरे, पण पडद्यासमोरून हलेनात.

डोळ्याच्या जागी मात्र भोक होतं. तिने तिथे गेममधला कंदील बसवून पाहिला, तर साझानामी भेदरलेल्या माशासारखा दिसायला लागला.

"फक्त एक चौकोन द्या, हिरोनाका-सान."

"माझी आई मागायला आली तरी नाही. सगळे भरलेत!"

तेव्हा मिगिवाला गेम संपल्यावर येणारी, तो बनवणाऱ्यांची नावं आठवली. या भागात पहिल्यांदाच सगळ्यांची नावं पडद्यावर येणार होती, आणि एकेका अक्षराला एकेक चौकोन होता. 'मिगिवा' हे जपानी लिपीत एकाच अक्षरात लिहायचं नाव, आणि ते अक्षर अख्ख्या गेममध्ये दुसरीकडे कुठेच नव्हतं. तिने ते पुसलं आणि तिथे डोळा काढला.

"आणि तुमचं नाव?" हिरोनाकांचा आवाज एकदम खाली आला.

"काढून टाका. तो आंधळा उठायला नको."

बोलून गेली खरी, पण नाव येणार म्हणून तिने आईला फोन करून सांगितलं होतं.

शेवटच्या तपासणीला सगळे जमले. तळं फुगलं आणि साझानामी उठला. छपरं, धूर, शिंगं, सगळं जिवंत होऊन वर आलं, सोनेरी डोळा उघडला आणि तपासणारा बटण दाबायचं विसरला. मिगिवाच्या अंगावर काटा आला. हे आपण केलं यावर तिचाच विश्वास बसेना.

मग नावं आली. दुसऱ्यांच्या चुकांवर तुटून पडणारे हिरोनाका तिचं नाव काढायलाच विसरले होते. संगणक आपला नेहमीच्या चौकोनात तिचं अक्षर शोधायला गेला. काळ्या पडद्यावर 'शिबाता' उमटलं आणि त्याच्या शेजारी, अक्षरांच्या पांढऱ्या रंगात, तो डोळा उघडला.

"चूक झालीय," कुणीतरी कुजबुजलं. "दुरुस्त करू?"

हिरोनाका उठले आणि पडद्यापुढे आदराने कमरेत वाकले.

"हात लावाल तर खबरदार," ते म्हणाले. "शिबाता-सानचं नाव बरोबर लिहिलंय."