चौरस्त्यावरचा रिसीव्हर

आक्सेनिया मावशीची टेलिफोन कंपनीकडे एकच मागणी होती. ती मेल्यावर तिची अंत्ययात्रा टेलिफोन ऑफिससमोरच्या चौरस्त्यावर येऊन थांबेल, तोपर्यंत गावचा फोन चालू ठेवावा. मग तार कापा, खांब उपटा, काय हवं ते करा.

ही मागणी तिने माझ्याकडे केली, कारण कंपनीत तिच्या ओळखीची मी एकटीच होते. मी याच गावची. राजधानीत, किशिनाऊला, दूरसंचारचं शिकले आणि तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागले. मावशीला वाटायचं की कंपनी मीच चालवते.

"तुझ्या साहेबाला सांग," ती म्हणाली, "म्हातारीचं हृदय फार दिवस काढणार नाही. थोडं थांबलात तर काय बिघडतं?"

"मावशी, असं कसं सांगू?"

"जसं मी सांगितलं तसं सांग. मरायची लाज मला वाटायला हवी, तुला कशाला?"

ही मागणी कुठून आली हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

मोल्दोव्हातल्या आमच्या गावात नव्वदच्या दशकात ज्याला चालता येत होतं तो बाहेर गेला. बायका इटलीला परक्यांच्या म्हाताऱ्या सांभाळायला, पुरुष पोर्तुगालला बांधकामावर. बहुतेकांकडे कागद नव्हते. एकदा परत आलं की पुन्हा जाता येणार नाही, म्हणून कोणी परत येत नसे. घरोघरी फोन नव्हते. फोन एक, तो टेलिफोन ऑफिसात, आणि त्याच्यापुढे आक्सेनिया मावशी.

इटलीतल्या बोलोन्याहून कोणी फोन करायचं, "मावशी, आईला बोलाव," आणि ठेवून द्यायचं. मावशी खिडकीतून रस्त्यावरच्या पहिल्या माणसाला हाक मारायची. हाक या अंगणातून त्या अंगणात जायची. मग हातांना मक्याचं पीठ लागलेली कोणी म्हातारी धापा टाकत यायची आणि बाकावर बसून फोनकडे बघत राहायची. अर्ध्या तासाने पुन्हा घंटी वाजायची.

त्या काळी परदेशातून येणारं प्रत्येक मिनिट आमच्या कंपनीची कमाई होती. बोलोन्यातल्या बाईकडून तिथली कंपनी पैसे घ्यायची आणि फोन आमच्या गावापर्यंत पोचवल्याबद्दल त्यातला वाटा आमच्या कंपनीला द्यायची. आमच्या एक्स्चेंजचे कोझोकारू साहेब म्हणायचे की या गावात द्राक्षांच्या खालोखाल मिनिटांचं पीक येतं. पीक चांगलं होतं तोवर ऑफिसला दर वसंतात नवा रंग लागायचा आणि मावशीला चाकांची खुर्चीसुद्धा मिळाली होती. त्या खुर्चीवर ती कधी बसली नाही. "घसरले तर बोलणाऱ्याची लाईन तुटेल," म्हणायची.

रिसीव्हरची रीत ग्लाफिराच्या मरणापासून सुरू झाली. तेव्हा मी शाळेत होते, पण तो दिवस मला आठवतो. ग्लाफिराची एकुलती मुलगी इटलीत. येणं शक्य नव्हतं. आमच्याकडे अंत्ययात्रा प्रत्येक चौरस्त्यावर थांबते. रस्त्यावर पांढऱ्या कापडाची पट्टी अंथरतात, तिला पूल म्हणतात. धर्मगुरू प्रार्थना वाचतात आणि शवपेटी त्या पुलावरून पुढे जाते. पेटी उघडी असते, मेलेल्याचा चेहरा आभाळाकडे. अशा प्रत्येक थांब्यावर लेकी-सुना हेल काढून मेलेल्या माणसाशी बोलतात. का गेलीस, कोणाच्या भरवशावर सोडून गेलीस, दार कोण उघडेल. हे बोलणं राहून गेलं तर मुलीला आयुष्यभर चैन पडत नाही असं मानतात.

ग्लाफिराची यात्रा ऑफिससमोर थांबली आणि आत घंटी वाजली. मुलगीच होती. तिला फक्त विचारायचं होतं, यात्रा कुठवर आली.

"ठेवू नकोस," मावशी म्हणाली. "तुझी आई माझ्या खिडकीसमोर आहे."

तिने रिसीव्हर खिडकीबाहेर काढला, पण तार पुरेना. चर्चची घंटा वाजवणारे तिमोफेई काका खिडकीखालीच उभे होते. त्यांनी खांदेकऱ्यांना सांगून पेटी भिंतीपर्यंत आणवली. फादर अथानासिए पुस्तक हातात तसंच धरून म्हणाले, "आक्सेनिया, हे कुठल्या पोथीत लिहिलंय?"

"फादर, तुम्ही देवाशी बोलता तेव्हा तारसुद्धा नसते. इथे निदान तार आहे."

मावशी रिसीव्हरमध्ये म्हणाली, "ती इथे आहे. बोल." मग तिने तो ग्लाफिराच्या कानाला लावला आणि स्वतः तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभी राहिली. रिसीव्हरमधून येणारा बारीक हेल आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता, शब्द मात्र कळत नव्हते. कळू नयेत असंच सगळ्यांना वाटत होतं.

त्यानंतर तिमोफेई काकांनी लांब तार जोडून दिली. बाहेर असलेल्या कोणाचंही माणूस गेलं की निरोप जायचा, आणि यात्रा ऑफिससमोर पोचली की घंटी वाजायची. फादरसुद्धा तिथे प्रार्थना जरा हळू वाचू लागले. गावात बाहेर गेलेलं माणूस नाही असं घर नव्हतं, त्यामुळे मावशीने किती जणांच्या कानाला तो रिसीव्हर लावला हे ती मोजत नसे. "ऐकणाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही," एवढंच म्हणायची.

तिचा स्वतःचा मुलगा इलारियोन पोर्तुगालला सेतुबालमध्ये होता. तिथेच त्याने लग्न केलं. दर रविवारी, चर्च सुटल्यावर, तो ऑफिसात फोन करायचा. ऑफिसला त्या दिवशी सुट्टी असायची, पण मावशीकडे किल्ली होती. एकदा मी तिथे होते.

"जेवलास का?"

"जेवलो, आई."

"काय?"

"मासा."

"परत मासा? मक्याच्या पिठाची मामालिगा करायला कोणी नाही तिकडे?"

मग ती त्याला गावात कोण मेलं ते सांगायची आणि शेवटी न चुकता बजावायची, "माझ्या वेळेला फोन कर हं. चौरस्त्यावर. तिमोफेईला कळवायला सांगून ठेवलंय."

"आई, दुसरं काही बोल ना."

"दुसरं काय? मी सगळ्यांना जोडून दिलं. मला कोणीतरी जोडून द्यायला नको?"

मग इंटरनेट आलं. आधी वाचनालयात एक संगणक आला, त्याला हेडफोन. मावशीच्या बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्या तिकडच्या बाकावर बसू लागल्या. नंतर मुलांनी आयांना मोबाईल पाठवले. मिनिटाला पैसेच पडत नाहीत म्हटल्यावर तिकडे फोनचं कार्ड कोण विकत घेणार? तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये परदेशी मिनिटांचा आकडा माझ्या पडद्यावर दर महिन्याला खाली सरकायचा. लोक पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त बोलत होते, पण ते बोलणं आमच्या यंत्रातून जातच नव्हतं. मला, खरं सांगायचं तर, ते सगळं फार भारी वाटायचं. आवाजाचे तुकडे करून पाठवायचे, पलीकडे पुन्हा जोडायचे, मध्ये कोणी पैसे मागायला उभं नाही. मावशीला मी ते समजावून सांगितलं.

"आवाजाचे तुकडे?" ती म्हणाली. "आणि एखादा तुकडा हरवला तर?"

"थोडे हरवतातच. कळत नाही."

"तुला कळत नसेल."

अंत्ययात्रासुद्धा बदलल्या. आता कोणी भाचा मोबाईल उंच धरून पूर्ण यात्रा दाखवायचा आणि मिलानमध्ये, रोममध्ये लोक बघायचे. पेटी ऑफिससमोर थांबायची, कारण चौरस्ता होता. रिसीव्हर मात्र कोणी मागायचं नाही. मावशी खिडकी उघडून उभी राहायची आणि यात्रा पुढे गेली की खिडकी लावून घ्यायची.

ऑफिस बंद करायचा हुकूम निघाला तेव्हा ते काम माझ्याकडेच आलं. मावशीची मागणी मी साहेबांना सांगितली. कोझोकारू साहेब वाईट माणूस नाहीत. आधी हसले, मग चष्मा काढून पुसत बसले.

"दोम्निका, मेलेल्या माणसासाठी लाईन राखून ठेवायची? वरती काय कारण लिहू?"

"म्हातारीची शेवटची इच्छा, असं लिहा."

"तसला रकाना नसतो गं. द्राक्षांची तोडणी होईपर्यंत थांबवतो. त्यापुढे माझ्या हातात नाही."

तोडणी झाली आणि मावशी जिवंत होती. मी तार काढायला गेले तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "बघ, मी वेळेवर मेलेसुद्धा नाही." मग मला चीज भरलेली गरम प्लाचिंता खायला घातली. मी खाली मान घालून खाल्ली आणि तार गुंडाळली. रिसीव्हर मागितला तर म्हणाली, "तो राहू दे. तुमच्या काय कामाचा?" मी राहू दिला.

"मावशी, इलारियोनला मोबाईलवर बघता येईल तुला. चेहरा दिसेल."

"नको. गेला तेव्हा डोकंभर केस होते त्याला. आता तिमोफेई सांगतो टक्कल पडलंय. आवाजाला टक्कल पडत नाही."

तरी रविवारचं बोलणं चालू राहिलं, तिमोफेई काकांच्या मोबाईलवर. काका चित्राचं बटण दाबून तिच्या हातात द्यायचे. मावशी एकदाही पडद्याकडे बघायची नाही. जन्मभराच्या सवयीने ती मोबाईल कानाला लावायची आणि डोळे मिटून बोलायची. काका हसून लोटपोट व्हायचे.

"अगं आक्सेनिया, तिकडे त्याला तुझा कान दिसतोय! नुसता कान!"

"दिसू दे. लहानपणी ऐकलं नाही की मी त्याचा धरायचे, आता त्याने माझा बघावा."

पलीकडून इलारियोनही हसायचा. "आई, तुझ्या कानात बाळी आहे अजून. निळ्या खड्याची." ती बाळी त्यानेच पहिल्या पगारातून पाठवली होती. त्याने पुष्कळदा विनवलं, आई, एकदा तोंड दाखव. ती म्हणायची, पुढच्या रविवारी.

जानेवारीत बाप्तिस्म्याचा सण झाल्यावर मावशी झोपेत गेली. मी तालुक्याहून पहिल्या बसने आले. तिमोफेई काकांनी घंटा वाजवली, पण मला पाहताच दोरी दुसऱ्याच्या हातात दिली.

"इलारियोनला सांगितलंय," ते म्हणाले. "कागद अजून नाहीत त्याच्याकडे, तो येऊ शकत नाही. चौरस्त्यावर जोडून दे म्हणाला. मला नाही जमणार, पोरी. तू कर."

मी पूर्ण तयारी केली. नवा मोबाईल, भरलेली बॅटरी. गावातले बाकीचे मोबाईल बंद ठेवायला लावले, नाहीतर सगळे एकदम दाखवायला लागले तर नेटवर्क कोलमडतं. मला वाटत होतं, मावशीची तार कापली गेली तरी मी तिला तारेपेक्षा चांगलं काहीतरी देते आहे.

रस्ता गोठलेला होता. खांदेकऱ्यांनी पेटी बंद ऑफिससमोर स्टुलांवर टेकवली. कापड अंथरलं. फादर अथानासिएंनी हातातलं पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे बघितलं. इलारियोन पडद्यावर होता, बांधकामावरच्या कुठल्याशा भिंतीला टेकून, टोपी हातात, टक्कल उघडं. मी मोबाईल पेटीवर धरला, नीट, चेहरा पूर्ण दिसेल असा.

त्याने आईचा चेहरा पाहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. आवाज आला नाही.

"लाईन गेली," मागून कोणी म्हणालं.

"गेली नाही. तो हलतोय."

"बोल रे इलारियोन! आई वाट बघतेय!"

तो मान हलवत होता. नाही, नाही. ज्या आईशी तो दर रविवारी बोलत होता ती ही नव्हती. ही कोणी लहानखुरी, पांढरी, मिटलेल्या तोंडाची म्हातारी होती. खांदेकरी पेटी पुन्हा उचलायला पुढे झाले. फादरनी घसा साफ केला. आता ते पुस्तक उघडणार, यात्रा पुढे जाणार, आणि मावशीने आयुष्यात मागितलेली एकच गोष्ट राहून जाणार.

तेवढ्यात तिमोफेई काका माझ्या कोपराला धरून म्हणाले, "अगं, तू त्याला दाखवतेयस काय? कानाला लाव. कानाला!"

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. मी वाकले. मावशीच्या डोक्यावरचा रुमाल थोडा बाजूला केला आणि मोबाईल आडवा करून तिच्या कानाला टेकवला. निळा खडा पडद्याला हलकेच लागला. पलीकडे आता त्याला तेवढंच दिसत असणार, जे दर रविवारी दिसायचं.

"ती इथे आहे," मी म्हणाले. "बोल."

आणि मी तोंड फिरवलं, ऑफिसच्या भिंतीकडे. रंगाचे पापुद्रे सुटले होते. खिडकी बंद होती, आणि काचेआड मी सोडून दिलेला रिसीव्हर अजून त्याच्या जागी होता.

थोडा वेळ फक्त श्वास ऐकू आला. मग, "आई. जेवलो मी. मासा." आणि मग त्याला जे फुटलं ते शब्द नव्हते. त्यानंतर शब्द आले, बारीक, तुटक, मध्ये मध्ये एखादा तुकडा हरवलेले. मी ऐकायचा प्रयत्न केला नाही.

मिनिटांना आता पैसे पडत नव्हते. खांदेकऱ्यांच्या नाकातून वाफा निघत होत्या. तिमोफेई काका भिंतीकडे तोंड करून माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. फादर अथानासिएंनी पुस्तक काखेत धरलं आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत ते उघडलं नाही.