वासुकीबाईंच्या तीन कॅसेट

तंजावूरच्या टेलिफोन एक्स्चेंजात वासुकीबाईंचा आवाज बावीस वर्षे सरकारी चाकरीत होता. ट्रंक कॉलच्या त्या दिवसांत तारेत इतकी खरखर असे की पलीकडच्याला आपण जिवंत आहोत एवढे कळवायलाही छाती लागे. वासुकीबाई हेडफोन चढवत, पाठ ताठ करत आणि हाक देत, "हलो पापनाशम!" शेजारच्या ऑपरेटर बायका त्याआधीच कानांवर हात ठेवून तयार असत. पंचवीस किलोमीटरवरच्या पापनाशमच्या ऑपरेटरने एकदा लेखी कळवले होते की तंजावूरने हाक देताना मध्ये तार घालण्याची आवश्यकता नाही.

या आवाजापायीच लहानपणी त्यांचे गाणे सुटले होते. राजवाड्यालगतच्या गल्लीतल्या मराठी घरांतल्या मुली एका भागवतरांकडे गाणे शिकायला जात, तशी वासुकीही गेली. पण इतर मुलींचा आवाज जिथे संपे तिथे हिचा सुरू होई. चार महिने सोसून भागवतरांनी वडिलांना बोलावले. "राव, मुलगी बेसूर नाही. पण हिच्यासाठी तंबोरा चढवायचा तर तारा तुटतात. हिला वीणा शिकवा." वासुकी वीणा शिकली नाही. तिने टेलिफोन खात्याची परीक्षा दिली.

मग ब्याण्णव साली इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आले. कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ उघडले. लोक आपापला नंबर फिरवून कुजबुजत्या आवाजात मद्रासशी बोलू लागले. ट्रंकचे बोर्ड उचलले गेले आणि वासुकीबाईंना तक्रार खिडकीत बसवले. तिथे ओरडण्याचा हक्क फक्त गिऱ्हाइकांना होता. सहा महिन्यांत त्यांची भूक गेली.

अशात एक दिवस खिडकीशी अप्पाजी आले. हे पोलीस बँडचे निवृत्त बँडमास्तर. वय बहात्तर, कोट कायम इस्त्रीचा. त्यांचे आजोबा राजवाड्याच्या बँडात होते आणि त्यांच्या वेळच्या विलायती स्वरलिपीच्या वह्यांची एक पेटी घरी होती. त्यांचा टेलिफोन महिनाभर मुका होता. ते तक्रार सांगत असतानाच वासुकीबाईंना फाटकाबाहेर सायकलवरून निसटणारा लाइनमन दिसला.

"ओ लाइनमन!"

लाइनमन सायकलीसकट थांबला. त्याच्या पलीकडे चाललेली बसही थांबली. अप्पाजींनी कोटाच्या खिशातून सूर तपासायचा पोलादी चिमटा काढला, खिडकीच्या गजावर आपटला आणि कानाला लावला.

"बाई, परत एकदा हाक मारा."

"कां? तो आला की."

"त्याच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी." मग ते गजांना धरून म्हणाले, "विलायतेत असा आवाज सापडला तर त्याच्यासाठी मोठालीं नाटकगृहे बांधतात. बायकांच्या अशा चढ्या आवाजास सोप्रानो म्हणतात."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे तक्रारींवर बसवतात."

चव्वेचाळिसाव्या वर्षी वासुकीबाई गाणे शिकू लागल्या. ऑफिस सुटले की अप्पाजींच्या ओसरीवर एक तास. अप्पाजी क्लॅरिनेट वाजवत, त्या गात, आणि समोरच्या घरातून कोणीतरी खिडकी लावून घेई. यजमान वेंकटराव शाळेत गणित शिकवत. त्यांनी हे वयाचे दुखणे समजून आठ दिवस कषायाचा काढा पाजून पाहिला.

अडचण शब्दांची होती. आजोबांच्या वह्यांतली गाणी इटालियन. घरी मराठी बोलत पण लिहीत तमिळ अक्षरांत, तेव्हा इटालियनही तमिळ अक्षरांतच उतरली. आणि तमिळमध्ये 'प' आणि 'ब' यांना मिळून एकच अक्षर.

"अप्पाजी, हा 'प' कां 'ब'?"

"कोणताही घ्या. पण घेतला की शेवटपर्यंत सोडूं नका."

अर्थ तर अप्पाजींनाही ठाऊक नव्हता. गाण्यातली ही बाई काय म्हणते, असे विचारले की ते म्हणत, "मरते आहे."

"दुसऱ्या गाण्यातली?"

"तीही. पण सावकाश."

"एवढा दमसास असलेली बाई मरेल कशी?"

यावर अप्पाजींनी क्लॅरिनेटची पत्ती ओली करायला घेतली. शेवटी तिसऱ्या, सर्वांत लांब गाण्याचा अर्थ वासुकीबाईंनी स्वतःच ठरवला. भर दुपारी एक बाई दार ठोठावून पाणी मागते आहे आणि आतून कोणी उघडत नाही. असे मनात धरल्यावर ते गाणे एकदम गळ्यात बसले.

चौऱ्याण्णवच्या पोंगलनंतर अप्पाजी म्हणाले, कॅसेट काढूया. गावात सुब्रमण्यम नावाचा माणूस देवळांसाठी भक्तिगीते रेकॉर्ड करी. वासुकीबाईंनी पहिला वरचा सूर लावला आणि त्याच्या यंत्राचा काटा उडून लाल खुणेला चिकटला. "अक्का, जरा मागे." त्या मागे सरकल्या. "आणखी." त्या दारात गेल्या, मग ओसरीवर, मग पायरी उतरून गल्लीत. अखेर आत अप्पाजी, बाहेर वासुकीबाई, आणि मध्ये खिडकीतून टॉवेल हलवून इशारा देणारा सुब्रमण्यम, अशी ती कॅसेट झाली. दुसऱ्या गाण्यात वासुकीबाई प्राण सोडत असताना गल्लीतल्या चकलीवाल्याची "मुरुक्कु, मुरुक्कु" अशी आरोळी स्पष्ट ऐकू येते.

शंभर कॅसेट निघाल्या. एका महिन्यात चार खपल्या, त्यांतली एक दुकानदाराने परत पाठवली. आणि मग एका सकाळी सुब्रमण्यम घाम पुसत घरी आला.

"अक्का, चूक झाली. पापनाशमजवळच्या एका गावच्या पिल्लैयार गणपतीच्या देवळाला पहाटेच्या भूपाळ्या पाठवायच्या होत्या. त्या वेष्टनात तुमची कॅसेट गेली. महिना झाला, रोज कर्ण्यावर वाजते आहे."

"अय्यो! लोक चिडले असतील."

"नाही अक्का. आणखी दहा मागवल्यात."

वासुकीबाईंचा चेहरा समईसारखा उजळला. वेंकटरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. सुब्रमण्यम मात्र जमिनीकडे बघत होता. "भात पिकलंय. पहाटे पोपट न् चिमण्यांचे थवे उतरतात. तुमचा आवाज लागला की जे उडतात ते दुपारपर्यंत फिरकत नाहीत. आजूबाजूच्या गावांतूनही मागणी आहे."

वेंकटराव हसू लागले, पण बायकोकडे नजर जाताच हसणे अर्ध्यावर गिळले. मग म्हणाले, "वासुकी, रविवारी जाऊन बघूया."

रविवारी ते तिघे, म्हणजे अप्पाजीही क्लॅरिनेटसह, पहिल्या बसने निघाले. सगळ्या कॅसेट परत घ्यायच्या, असे वासुकीबाईंनी वाटेतच ठरवून टाकले होते. कालव्याच्या काठाने देवळाशी पोचले तेव्हा कर्ण्यातून त्यांचाच आवाज शेतांवर पसरत होता. देवळाची व्यवस्था पाहणारा कृष्णस्वामी नावाचा म्हातारा शेतकरी पुढे आला. कोण आल्या आहेत हे कळल्यावर त्याने देवापुढे करतात तसे, मानाने, खांद्यावरचे उपरणे काढून कमरेला बांधले.

"अम्मा, बरं झालं आलात. महिनाभर एक विचारायचं होतं. ते शेवटचं गाणं, ती बाई दार वाजवते ते. शेवटी कोणी दार उघडतं का?"

वासुकीबाई जागीच थांबल्या. "दार? तुम्हांस कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? ऐकू येतं की."

तेवढ्यात करंट गेला. कर्णा घुसमटून बंद पडला आणि नारळीच्या रांगेमागून पोपटांचा थवा भातावर उतरला. बायका पत्र्याचे डबे बडवत धावल्या. मग एकेक जण थांबून वासुकीबाईंकडे बघू लागला.

"पाखरं हाकायला आले नाही मी," त्या म्हणाल्या.

"पाखरांचं राहू द्या," कृष्णस्वामी म्हणाला. "दाराचं सांगा."

वासुकीबाईंनी पदर खोचला आणि बांधावर उभ्या राहिल्या. अप्पाजींनी सूर दिला. तिथे ना भिंत होती, ना काटा, ना टॉवेल. उभ्या आयुष्यात प्रथमच त्यांनी आवाज पुरता मोकळा सोडला. पाखरे उडाली असणार, त्यांनी पाहिले नाही, डोळे मिटलेले होते. कालव्यातली म्हैस उठून पुन्हा बसली. वेंकटराव सवयीने चाळीस हात लांब उभे राहिले होते, ते पावलापावलाने जवळ आले.

गाणे संपले तसा कृष्णस्वामी म्हणाला, "म्हणजे नाही उघडत."

"नाही."

"मी असतो तर उघडलं असतं."

"तुम्ही?" मागून त्याची बायको म्हणाली. "भूकंप झाला तरी कूस बदलत नाही तुम्ही!" सगळा बांध हसला, आणि त्यात सगळ्यांत वरचा सूर वासुकीबाईंचा होता. कॅसेट परत मागायच्या राहूनच गेल्या.

दुसरी कॅसेट त्याच बांधावर बॅटरीच्या यंत्रावर रेकॉर्ड झाली. ती बी-बियाण्यांच्या आणि फवारणी औषधांच्या दुकानांत विकायला ठेवली, तेव्हा अप्पाजी फार दुखावले. "शोभतं कां हे?" वासुकीबाई म्हणाल्या, "घेणारा घरी नेऊन ऐकतो ना? पुरे." पाचशे गेल्या.

पण पाखरे काही मूर्ख नव्हती. दोन हंगामांत त्यांना आवाज सरावाचा झाला. पोपट कर्ण्यावरच बसून भात सोलू लागले आणि शेतकरी पुन्हा डबे बडवू लागले. सत्त्याण्णव साली तिसरी कॅसेट आली ती फक्त अकरा खपली. वासुकीबाईंना ती सगळ्यांत लाडकी. अकराही निव्वळ ऐकण्यासाठी घेतलेल्या होत्या आणि घेणाऱ्यांची नावे त्यांना पाठ होती. त्यांतल्या दोन वेंकटरावांनीच, दोन निरनिराळ्या दुकानांतून, घेतल्या होत्या. हे कळल्यावर त्यांनी यजमानांना काही विचारले नाही, फक्त त्या दिवशी वांग्याच्या रसवांगीत नारळ सढळ हाताने घातला.